गेवराईहून आंबेजोगाईस

गेवराईच्या माणसाचें तोंड नेहमीं उत्तरेकडे असतें. पर्वणी आली कीं तो गोदेवर जातो, साडेसाती लागली कीं राक्षसभुवनास शनीच्या दर्शनास जातो, आणि मुलगा चार बुकें शिकला कीं शहागडचा पूल ओलांडून नोकरीच्या वाटेस लागतो. राक्षसभुवनाचें नांव निघालें म्हणजे तारीख १० ऑगस्ट १७६३ ची लढाई ओघानेंच आली. थोरले माधवराव व राघोबादादा यांनीं तेथें निजामाचा मोड केला, व निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर रणांत पडला, हें आमच्या हाताखालून गेलेला कोणताही विद्यार्थी झोपेंतून उठवून विचारलें तरी सांगेल. परंतु पाठ फिरवून दक्षिणेकडे पाहावें, आपल्याच बीड जिल्ह्यांत कण्यासारखा जो बालाघाट आडवा पसरला आहे त्यावर काय काय आहे याची चौकशी करावी, असें आमच्या गांवांत फारसें कोणास वाटत नाहीं. आंबेजोगाईस लोक जातात; जात नाहींत असें नाहीं. पण ते देवीची ओटी भरतात, तांबूलाचा प्रसाद घेतात, आणि दुपारच्या एस. टी. नें परत येतात. ज्या गांवांत सातआठशें वर्षांची विद्या दगडावर, कापडावर व कड्याकपारींत जागोजाग सांपडते, तें गांव आमच्या लोकांनीं अशा रीतीनें केवळ एका देवळापुरतें करून ठेविलें आहे.

यंदा कार्तिकांत आमचें जाणें झालें तेंही एका कुलाचाराच्याच निमित्तानें. आमच्या धाकट्या सूनबाईचें माहेर कोंकणस्थांचें. त्यांची कुलस्वामिनी योगेश्वरी. तिच्या वडिलांच्यानें आतां प्रवास होत नाहीं, म्हणून त्यांच्या वतीनें तिनें ओटी भरून यावें असें ठरलें. बरोबर आमचें कुटुंब, पुण्यास शिकणारी थोरली नात, आणि आमची वडील बहीण आक्का. आक्काचें वय त्र्याहत्तर. लग्नानंतर चारच वर्षांनीं ती माहेरीं परत आली ती कायमची. पुढें आमचा मधला बंधु ऐन तिशींत वारला, तेव्हां त्याचीं दोन्ही मुलें तिनें पदराखालीं घेतलीं व मार्गास लाविलीं. घरांतील कोणाची तिथि केव्हां येते हें पंचांग उघडण्यापूर्वीं आक्कास विचारावें, असा आमच्याकडे रिवाज आहे.

नातीस सह्याद्रींतील गड पायीं चढण्याचा नाद आहे; हल्लींचीं मुलें यास ट्रेक म्हणतात. “आपल्या बालाघाटांत ट्रेक करण्यासारखें काय आहे, आजोबा?” असें तिनें विचारलें. सांगण्यापेक्षां दाखवावें या बेतानें आम्हीं बीडचा सरळ हमरस्ता सोडला व भाड्याची मोटार धारूरच्या घाटाकडे वळविली.

गढीपासून पूर्वेस वळलें कीं माजलगांवापर्यंत सगळी सपाट काळी जमीन लागते. जायकवाडीचा उजवा कालवा पैठणाहून निघून याच मुलखांतून माजलगांवच्या जलाशयास जाऊन मिळतो, त्यामुळें दोन्ही बाजूंस ऊंस उभा होता. तेलगांव मागें पडल्यावर समोर डोंगराची निळी भिंत दिसूं लागते, ऊंस संपतो, कपाशी विरळ होते, आणि मोटार घाटास लागते. उंचीच्या बाबतींत या घाटाची सह्याद्रीच्या घाटांशीं तुलना करूं नये. पण वळणें अरुंद व अवघड आहेत, आणि दरी एका बाजूनें सारखी सोबत करते.

त्या वळणांवर आम्हांस वारंवार थांबावें लागलें. वरून ट्रॅक्टर येत होते. प्रत्येकामागें दोन दोन ट्रॉल्या. त्यांत भांडीं, पत्र्याच्या पेट्या, सरपण, शेळ्या, कोंबड्या, आणि सगळ्या पसाऱ्यावर चढून बसलेलीं पोरें. ऊंसतोडीचा हंगाम सुरू झाला होता. धारूर, केज, पाटोदें, आमची गेवराई, अशा तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारों कुटुंबें पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. मुकादमाकडून उचल आधींच घेतलेली असते, ती फिटेपर्यंत परतणें नाहीं. मास्तरकी केलेल्या माणसास हें दृश्य नवें नव्हे. कार्तिक उजाडला कीं वर्गांतील बांकें रिकामीं होतात व पाडव्याच्या सुमारास पुन्हां भरतात. मधल्या काळांत विरून गेलेले पाढे व जोडाक्षरें पुन्हां बसविण्यांत उन्हाळा येतो. सरकारनें हंगामी वसतिगृहें काढलीं आहेत, त्यांमुळें कांहीं मुलें मागें राहतात. सगळीं राहत नाहींत. खालीं कालव्याच्या पाण्यावर उभा असलेला ऊंस आणि वरून ऊंस तोडावयास परमुलखांत निघालेलीं हीं माणसें, या दोहोंच्या मध्यें अंतर तें एका घाटाचें.

धारूरचा किल्ला एकाकी शिखरावर नाहीं. पठाराची एक जीभ दरींत पुढें सरकली आहे, तिच्यावर तो बांधलेला आहे. तीन बाजूंस उतार व गांवाच्या बाजूस खंदक. विजापूरच्या पहिल्या अली आदिलशहाचा सरदार किश्वरखान लारी यानें इ. स. १५६७ च्या सुमारास तो उठविला, आणि तो अहमदनगरकरांच्या उरावर उठविला. मुर्तजा निजामशहास हें सोसणें शक्य नव्हतें. १५६९ च्या सुमारास तो चालून आला. फिरिश्ता या इतिहासकारानें पुढची हकीकत दिली आहे. किश्वरखानानें शहास एक लखोटा पाठविला. त्यांतील मजकूर इतका उद्धट होता कीं, शहानें तो वाचतांच घोड्यास टांच मारली, आणि किल्ला हातीं आल्यावांचून रिकिबींतून पाय काढणार नाहीं अशी आण घेऊन तो थेट दरवाज्यावर गेला. वरून मारा चालू होता. इतक्यांत खालून सुटलेला एक बाण किश्वरखानासच लागला. धनी पडला हें पाहून शिबंदीनें पळ काढला. म्हणजे बांधणाऱ्यास या किल्ल्याचा उपभोग दोन वर्षेंही धड मिळाला नाहीं. पुढें गांवास फत्तेहाबाद असें नांव पडलें. तें दप्तरांत राहिलें, लोकांच्या जिभेवर धारूरच टिकलें. १६३१ सालीं शहाजहानचा सरदार आझमखान यानें हा किल्ला निजामशाहीकडून घेतला. त्या वेळीं दक्षिणेंत १६३० ते १६३२ चा महादुष्काळ चालू होता. अशा काळीं दोन्हीकडच्या फौजांनीं येथें काय खाल्लें असेल, आणि त्यांनीं खाल्ल्यावर रयतेस काय उरलें असेल, हा प्रश्न तटावरून चालतांना मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

तट कोठें शाबूत आहे, कोठें ढांसळला आहे. आंत बाभळी व घाणेरी माजली आहे. नात भराभर पुढें गेली. आम्ही बेतानें चाललों. आक्का दरवाज्याच्या सावलींत बसून राहिली. तिनें येथें येण्यापूर्वींच बाजारांतून सीताफळें घेतलीं होतीं व तीं किती गोड आहेत हें ती येणाऱ्याजाणाऱ्यास सांगत होती. तीं होतींच तशीं. बालाघाटाच्या खडकाळ उतारांवर पाण्यावांचून वाढणारें हें झाड. बीडच्या सीताफळास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, पण त्याची खरी पारख धारूरच्या बाजारांत पाटी पुढें घेऊन बसणाऱ्या बायकांस आहे. बोटानें न दाबतां, नुसत्या डोळ्यांच्या रुंदीवरून त्या आज खाण्याचें कोणतें व उद्यांचें कोणतें हें अचूक सांगतात.

धारूरहून आडसवरून आंबेजोगाईस जातांना सगळा रस्ता पठारावरून आहे. घाट चढून आल्याची आठवण फक्त वाऱ्यास राहते. संध्याकाळीं आम्ही गांवांत पोंचलों तेव्हां अंगावर शाल घ्यावी लागली.

गांव जयंती नदीच्या दोन्ही कांठांवर वसलें आहे. जोगाईचें आंबें तें आंबेजोगाई. निजामी राजवटींत यास मोमिनाबाद म्हणत, व येथें घोडदळाची छावणी होती. आमच्या पिढीच्या शिक्षकांस हें गांव आणखी एका कारणानें वंदनीय आहे: १९३५ च्या सुमारास स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्याची शाळा सोडून येथें आले व येथील योगेश्वरी विद्यालयांत त्यांनीं अध्यापन केलें. हैदराबाद संस्थानच्या मुक्तिसंग्रामाचे ते पुढें नेते झाले, आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजीं मराठवाडा मोकळा झाला. एका शाळेच्या मुख्याध्यापकाच्या खुर्चींतून एवढें कार्य निघालें. आतां ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयास त्यांचें नांव आहे.

सकाळीं सूनबाईनें देवीची ओटी भरली. पर्वकाळ नव्हता, त्यामुळें गर्दी नव्हती. येथील मोठा उत्सव आश्विनांतल्या नवरात्राप्रमाणेंच मार्गशीर्षांत होतो. कोंकणांतील घरांची देवी घाटमाथ्याच्याही पलीकडे या पठारावर कशी, याची कथा सूनबाईस माहेरीं सांगितलेली होती व ती तिनें आम्हांस सांगितली. परशुरामानें कोंकणांत वसविलेल्या मुलांसाठीं आंब्यांतील मुली मागितल्या, तेव्हां गांवकऱ्यांनीं अट घातली कीं, मुली देतों, पण त्यांच्याबरोबर आमची योगेश्वरीही तुमची कुलदेवता झाली पाहिजे. कथा म्हणून ती घ्यावी. पण हिच्यांत एक गोष्ट नामी आहे. सासरचें कुलदैवत सुनेनें पत्करावें ही सर्वत्र चाल. येथें सासरानें सुनेचें पत्करलें.

देवी स्वतः कुमारिका आहे. परळीच्या वैजनाथाशीं तिचें लग्न ठरलें, वऱ्हाड निघालें, मुहूर्त टळला, कोंबडा आरवला, आणि सगळें वऱ्हाड जागच्या जागीं दगड झालें, असें सांगतात. हा दगड झालेला लवाजमा पाहावयाचा तर नदीकांठीं हत्तीखान्यांत जावें. डोंगर पोखरून केलेलीं हीं लेणीं आहेत. मध्यें मोठें प्रांगण, त्यांत नंदीचा मंडप, आणि खडकांतून कोरून काढलेले प्रचंड हत्ती. वेरूळ पाहिलेल्या माणसास कामाची जात लगेच ओळखूं येते, पण वेरूळास पाहणाऱ्यांच्या रांगा असतात व येथें आम्हां पांच माणसांखेरीज एक शेळी राखणारा मुलगा होता. त्याच्या दोन शेळ्या हत्तीच्या पाठीवर चढल्या होत्या.

तेथून बाराखांबीस गेलों. याचें खरें नांव सकलेश्वर. शके ११५० म्हणजे इ. स. १२२८ चें हें देऊळ आहे. २०२४ च्या आरंभीं पुराणवस्तु खात्यानें याच्या आवारांत खणून पाहिलें तेव्हां आणखी दोन देवळांचे पाये सांपडले. खांबांवरील कोरीव काम उन्हापावसानें झिजलें असलें तरी अजून उठावदार आहे. येथें आम्ही फार वेळ थांबलों नाहीं, कारण मनांत खोलेश्वर होता.

देवगिरीच्या सिंघण यादवाचा खोलेश्वर हा सेनापति. कुळानें ब्राह्मण, पण आयुष्य घोड्याच्या पाठीवर गेलेलें. माळव्यांत व गुजराथेंत त्यानें सिंघणाच्या फौजा नेल्या. त्याचा पुत्र राम हाही सेनानी. रामानें गुजराथेवर चाल केली आणि नर्मदेच्या तीरीं तो लढतां लढतां पडला. पुढें शके ११६२, म्हणजे इ. स. १२४० सालीं, त्याच्या बहिणीनें भावाच्या स्मरणार्थ येथें रामनारायणाचें देऊळ बांधलें व ही सगळी हकीकत संस्कृत श्लोकांत दगडावर कोरविली. गांवकरी देवळास खोलेश्वराचें म्हणतात. इतिहाससंशोधक ग. ह. खरे यांनीं आंब्याचे हे लेख वाचून छापले आहेत. त्या वाचनाची नक्कल आम्हीं बरोबर नेली होती. सातशें चौऱ्यायशीं वर्षांहून अधिक काळ पावसाळे सोसलेलें अक्षर कागदावरील वाचनाशीं लावून पाहतांना एखादें ‘श्री’ किंवा एखादी वेलांटी जुळली कीं जो आनंद होतो, तो ज्यानें लहानपणीं रूपावली घोकली आहे त्यासच समजावा. मात्र कित्येक जुन्या देवळांतून लेखावर तेल घालण्याची, शेंदूर फांसण्याची किंवा रंगाचा हात फिरविण्याची जी चाल आम्हीं पाहिली आहे, ती भक्तीनें केली तरी अक्षराचा घातच करते. वाचकभगिनींस विनंती आहे कीं, हळदकुंकू मूर्तीस वाहावें, लेखास वाहूं नये. हात फिरवावयाचा तर कोरडा फिरवावा.

आम्ही अर्थ सांगत होतों व आक्का खांबास टेकून ऐकत होती. ती एकाएकीं म्हणाली, “बापू, बहिणीनें बांधलें म्हणतोस. मग तिचें नांव आहे का लेखांत?”

“आहे. लक्ष्मी.”

“आणि देवळाला नांव?”

“देवळाला भावाचें.”

आक्का हंसली. “मग बहीणच ती,” ती म्हणाली, आणि पुढें होऊन तिनें त्या दगडावर कोरडा तळवा ठेविला.

नातीनें यावर विचारलें, “आजोबा, आपल्या वंशावळींत आक्काआजीचें नांव कोठें आहे?” आमची वंशावळ आमच्या आजोबांनीं सुबक मोडींत लिहिलेली आहे. अकरा पिढ्यांचे पुरुष तींत आहेत. दत्तक गेलेले आहेत, काशीस जाऊन न परतलेले आहेत, एक तर वेड लागून घर सोडून गेलेला आहे, त्याचीही रेघ ओढलेली आहे. कन्यांची रेघ नाहीं. ती त्या काळीं कोणत्याच घरांत ओढीत नसत. आम्हीं नातीस एवढेंच सांगितलें. ती कांहीं बोलली नाहीं. सूनबाई मात्र आक्काच्या पाठीकडे पाहत राहिली.

दुपारीं दासोपंतांच्या देवघराकडे गेलों. दासोपंत शके १४७३ चे, म्हणजे इ. स. १५५१ चे, एकनाथांचे समकालीन. १६१५ सालीं त्यांनीं देह ठेविला. समाधि गांवाबाहेर नृसिंहतीर्थावर आहे. यांनीं लिहिलें किती? एकटा गीतार्णवच सव्वा लाख ओव्यांचा सांगतात. रोज एका ढब्बू पैशाची शाई त्यांस लागे अशी आख्यायिका आहे, व ती अतिशयोक्तीची वाटत नाहीं. कागद पुरेना म्हणून कीं काय, पंचीकरणाचें वेदांतप्रकरण त्यांनीं कापडावर लिहून काढलें. तीच प्रसिद्ध पासोडी. सुमारें चाळीस फूट लांब व चार फूट रुंद. चारशें वर्षें हें कापड वंशजांच्या घरांत आहे. या अवधींत निजामशाही बुडाली, मोगल आले आणि गेले, छावणी बसली व उठली, गांवाचें नांव बदललें व परत आलें. घरांत वाटण्या झाल्या, थोरलें देवघर व धाकटें देवघर अशीं दोन देवघरें झालीं, पण पासोडी फाटली नाहीं. दर पिढीस कोणीतरी ती कसर व ओल यांपासून राखली असेल, पावसाळा संपल्यावर ऊन दाखविलें असेल. धारूरच्या तटास हें भाग्य लाभलें नाहीं. आम्हीं पासोडी उलगडून दाखविण्याचा आग्रह धरला नाहीं. चारशें वर्षांचें कापड आल्यागेल्यासाठीं उलगडूं नये असें आमचें मत आहे. देवघरास नमस्कार केला व निघालों.

तिसऱ्या दिवशीं पहांटे मुकुंदराजांकडे पायीं निघालों. आक्कानें मोटारींत बसून पुढें जावें, आम्ही चालत येतों, असा बेत होता. तो तिनें ऐकून घेतला व काठी उचलून सर्वांच्या पुढें चालूं लागली.

गांव संपून कांहीं अंतर गेलें कीं पठार एकदम तुटतें. पुढें दरी, कडे काळे, मध्यें मध्यें दवानें ओले, खालपर्यंत साग, पळस व सीताफळी. पावसाळ्यांत येथें धबधबा पडतो. आतां खडकावर पाण्याची नुसती ओलसर रेघ होती. दरीच्या उतारावर मुकुंदराजांची समाधि आहे. विवेकसिंधु हा त्यांचा ग्रंथ शके १११० चा, म्हणजे इ. स. ११८८ चा, अशी परंपरा. तसें असेल तर ज्ञानेश्वरीच्या आधीं एकशें दोन वर्षें मराठींत वेदांत बोलूं लागला होता. मुकुंदराजांचें आंबें तें हेंच कीं वैनगंगेच्या कांठचें आंभोरें, याविषयीं पंडितांत वाद आहे, व विदर्भाकडील पुरावाही हलका नव्हे. ग्रंथाच्या काळाविषयींही शंका घेणारे आहेत. लीळाचरित्रासच पहिल्या ग्रंथाचा मान देणारा पक्ष मोठा आहे. आम्हीं वर्गांत दोन्ही बाजू सांगत असूं. पण त्या दरींत, त्या शांततेंत, वाद मनांत आणावासा वाटला नाहीं.

उतरतांना नातीस मुकुंदराजांची कथा सांगितली. जैत्रपाळ राजास ब्रह्म पाहावयाचें होतें, आणि तेंही तांतडीनें. एक पाय रिकिबींत ठेवल्यापासून दुसरा पाय टाकून घोड्यावर बसेपर्यंत जो ब्रह्म दाखवील तो खरा साधु, बाकीचे बंदींत. अनेक साधु-बैरागी अशा रीतीनें तुरुंगांत गेले. शेवटीं मुकुंदराज आले. राजानें रिकिबींत पाय घातला, तोंच त्यांनीं त्यास जेथल्या तेथें समाधि लाविली. राजा तसाच अर्धवट उभा राहिला.

“म्हणजे पुन्हां रिकीबच,” नात म्हणाली. “धारूरच्या शहानें पाय काढला नाहीं आणि याचा दुसरा चढलाच नाहीं.” हें आमच्या ध्यानांत आलें नव्हतें असें नाहीं, पण तिनें तें आपण होऊन जुळविलें याचें फार समाधान वाटलें. एकाच पठारावर दोन राजे, दोन रिकिबी. एकीच्या गोष्टींत किल्ला पडला व दुसरींतून ग्रंथ निघाला.

परतीची चढण मात्र कसोटीची ठरली. ऊन वर आलें होतें. निम्म्या वाटेवर आक्का थांबली, एका खडकावर बसली, आणि तिच्या तोंडाचा रंग पाहून आमच्या कुटुंबाचा धीर सुटला. दरींत मोटार येत नाहीं, माणूसही दिसत नव्हतें. नातीनें कोणासही बोलूं दिलें नाहीं. पाण्यांत साखर व चिमूटभर मीठ घालून तिनें घोट घोट पाजलें, आक्काचे जोडे काढले, पाय सावलींत पसरले, आणि अर्धा तास सर्वांस नुसतें बसविलें. मग पन्नास पावलें चालणें व थांबणें, पुन्हां पन्नास पावलें, असें मोजून तिनें आपल्या पणआत्यास वर आणलें. डोंगर चढण्याच्या नादांत हीं मुलें एवढें शिकतात हें आम्हांस त्या दिवशीं कळलें. जे वाचक जातील त्यांनीं पहांटेच निघावें, दर माणशीं दोन तांबे पाणी ठेवावें, आणि वय झालेल्या मंडळींनीं आक्काचें अनुकरण करूं नये. ती स्वतः मात्र वर पोंचल्यावर म्हणाली, “उतरतांना पाय, चढतांना नात. आणखी काय पाहिजे?”

कड्यावर बसल्या बसल्या पाण्याचा विचार मनांत आला. बालाघाटाच्या उत्तर उतारावरचें पाणी गोदेकडे जातें. दक्षिणेकडचें मांजरेस मिळतें, आणि ती मांजराही शेंकडों मैलांचा वळसा घालून शेवटीं गोदेसच येते. गेवराईकरानें तोंड कोणीकडेही केलें तरी उतार एकच.

परत येतांना केज, मांजरसुंबें व बीड या सरळ रस्त्यानें आलों. आक्कास दोन दिवस विश्रांति दिली. तिसऱ्या दिवशीं नातीनें वंशावळीचा कागद काढला व स्वच्छ नक्कल करावयास घेतली. मोडी तिला येत नाहीं, म्हणून आम्ही वाचीत होतों व ती बाळबोधींत लिहीत होती. आमच्या पिढीशीं आल्यावर तिनें एक रेघ जास्त ओढली आणि आक्काचें नांव घातलें. आक्का जपमाळ घेऊन बसली होती. ती म्हणाली, “माझें घातलेंस तें असूं दे. पण मग आत्याबाईंचें घाल. आणि आजोबांच्या बहिणींचीं घाल, नाहींतर मी मध्येंच कोठून आलें?”

आणि मग ती सांगूं लागली. कोण कोणाची मुलगी, सासरचें नांव काय, गांव कोणतें, बाळंतपणांत गेलेल्या कोण, प्लेगांत गेलेल्या कोण. कागदास दोन वेळां कागद जोडावा लागला. चौदा नांवें झालीं आहेत व काम अजून चाललें आहे. आमच्या पणजोबांस तीन बहिणी होत्या. दोघींचीं नांवें आक्कानें सांगितलीं. तिसरीचें तिला कांहीं केल्या आठवत नाहीं. तिला घाटावर दिली होती व तिचें सासर धारूरचें होतें, एवढें मात्र ती खात्रीनें सांगते.